भिंतींना घाम फुटला तो चैत्र

आमच्या गारखेड्यातलं चैत्रातलं ऊन खोटं वाटावं इतकं खरं आहे. परवा मी गच्चीवर ओला टॉवेल टाकला, खाली येऊन चहा घेतला आणि परत वर गेलो, तर टॉवेल वाळून, वाऱ्यानं मळून, पुन्हा धुवायला झाला होता. मळण्याचा भाग मी वाढवलाय, हे माझ्या ओळखीच्या लोकांना सांगायला नको. पण वाळला होता. चहा निवायच्या आत वाळला होता.

ह्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या गच्च्या पांढऱ्या होतात. जुन्या सुती साड्या, धोतरं, चादरी अंथरलेल्या, त्यांच्यावर कुरडया, शेवया, खारोड्या. चिकलठाण्याला उतरणाऱ्या विमानातून खाली बघणाऱ्याला वाटत असेल, ह्या गावात बर्फ पडला की काय. माझी बायको रेणुका आणि शेजारच्या शांतावहिनी सकाळी सहालाच वर जातात. शिजलेल्या गव्हाच्या चिकाचा तो आंबूस, गरम, अंगावर येणारा वास. सोऱ्याचा करकर आवाज. मला काम एकच, कावळे हाकलायचं. शेंद्र्याच्या कारखान्यात हजार टनांच्या प्रेसला शिस्त लावणारा माणूस मी, इथं एका कावळ्यापुढं हात जोडून उभा असतो.

"भाऊजी," परवा शांतावहिनी म्हणाल्या, "नुसते कावळे काय हाकलता? चीनचं सांगा की कायतरी. लई दिवस झाले, तुमच्या तोंडून एक गप्प ऐकली नाय."

मी तोंड उघडलं. माझं तोंड असंच आहे, विचारायचा अवकाश. पण तेवढ्यात रेणुकाचा सोऱ्यावरचा हात थांबला. जराच. अर्धी कुरडई पडली होती, अर्धी आत होती. तिनं वर बघितलं नाही.

"वहिनी, कावळा आला," मी म्हणालो, आणि रिकाम्या कठड्याकडं पळालो.

म्हणून आता खाली येऊन हे लिहायला बसलोय. बोलताना माझी जीभ सरळ चालत नाही. लिहिताना निदान खोडता तरी येतं.

आमच्या कारखान्यात मोटारींचे पत्र्याचे भाग होतात. पत्र्याला आकार देणारे लोखंडी साचे चीनमधून यायचे, दक्षिणेकडच्या एका कारखान्यांच्या गावातून. ते तिथंच तपासून घ्यायला एक माणूस चौदा महिन्यांसाठी पाठवायचं ठरलं. साहेबानं मला विचारलं. मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं की साहेबानं माझे पाय धरले. रेणुका तेव्हा गारखेड्यातल्याच एका बालवाडीत शिकवायची. आम्हाला मूल नाही, पण तिला चाळीस होती. सकाळी आठ ते बारा चाळीस पोरांचा गोंगाट अंगावर घेऊन ती घरी यायची आणि म्हणायची, "आता मला एक तास कुणी बोलू नका." मला वाटायचं, हिला शांतता आवडते. चौदा वर्षांच्या संसारात मी केलेला हा सगळ्यात मोठा गैरसमज.

तिनं नोकरी सोडली. सामानात ज्वारीचं पीठ घेतलं, आमटीच्या येसराचा डबा घेतला, चार सुती साड्या घेतल्या आणि तिच्या आईनं दिलेला पितळी सोऱ्या घेतला. तिथल्या विमानतळावर त्या सोऱ्याला बघून सहा बंदूकधारी शिपाई धावत आले, असं मी पुढं कित्येक महिने सांगत होतो. खरं म्हणजे एक पोरगी आली. तिनं सोऱ्या उलटासुलटा केला, डोळ्याला लावून आत बघितलं आणि हसून परत दिला. रेणुकाही हसली. तिकडं तिला मनापासून हसताना मी बघितलं त्यातलं ते पहिलं, आणि पुढं मोजण्यासारखं फारसं नाही म्हणून मोजणं इथंच थांबवतो.

आम्ही गेलो तेव्हा दसरा होऊन गेला होता. पहिले तीन महिने हवा कोरडी होती, आभाळ निळं होतं. बाविसाव्या मजल्यावर घर. इमारतीला चौथा मजला नव्हता, चौदावाही नव्हता, त्यांच्याकडं चारचा आकडा वाईट धरतात. म्हणजे आमचा बाविसावा खरं तर विसावा. गावाकडं मात्र मी तो अठ्ठाविसावा केला. समोर तसल्याच अकरा इमारती, सगळ्या सारख्या, सगळ्यांना सारख्या खिडक्या. संध्याकाळी खाली चौकात गाणं लावून पन्नास-साठ बाया एका ओळीत नाचायच्या, आपल्या शांतावहिनींच्या वयाच्या. भाजीवाल्याकडं सुट्टे पैसे नाहीत, नोटा नाहीत, सगळं फोनवर. भाजीवाला रेणुकाकडं बघायचाही नाही, फोनकडं बघायचा. ती आपली सवयीनं विचारायची, "ताजी हाय का हो?" मराठीतच. मग स्वतःच भेंडी मोडून बघायची.

आता फोनचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथं अडकलं. आपलं व्हॉट्सॲप तिकडं चालत नाही. तिकडं जे चालतं ते आपल्याकडं बंद. गावी बोलायचं तर एकच रस्ता, कारखान्यानं कामासाठी दिलेला माझा फोन. तो दिवसभर माझ्या खिशात. रेणुकाच्या सिमवरून परदेशात साधा फोन लागावा म्हणून एक अर्ज करायचा होता. ती म्हणायची, "अहो, तेवढं करून टाका." मी म्हणायचो, "पुढच्या आठवड्यात." ती होती त्या सहा महिन्यांत मी तो अर्ज केला नाही. ह्याला काही कारण नाही. शोधून बघितलं, सापडलं नाही.

तर संध्याकाळी सहाला मी घरी यायचो, पाय धुवायचो आणि फोन लावायचो. तिच्या माहेरी, बदनापूरजवळच्या गावात, तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असायचे. सासूबाईंच्या ओसरीवर चार बाया बसलेल्या असायच्याच. फोन स्पीकरवर. आणि आधी मी बोलायचो, जावई ना.

"जावईबापू, कसं काय तिकडं?"

"आई, काय सांगू! इमारत एवढी उंच हाय की ढगाला बी खाली वॉचमनकडं नाव लिहून वर यावं लागतं."

ओसरी खदखदायची. मग मला थांबवणारा कोण? मी सांगितलं की लिफ्ट आपल्या देवघराएवढी चकचकीत आहे. चिनी मॅनेजरनं माझं काम बघून मला गुरू केलं. रेणुका चौकात बायांबरोबर नाचायला जाते, पुढच्या ओळीत असते. ती चिनी शिकली, भाजीवाल्याशी चिनीतून भांडते, भाजीवाला रडकुंडीला आला. ओसरीवर टाळ्या पडायच्या. आणि हे सगळं सांगून झालं, माणसं हसून लोळायला आली की मी फोन रेणुकाकडं द्यायचो.

आता तुम्हीच सांगा, त्यानंतर तिनं काय बोलायचं?

एकदा ती बोलली होती. डिसेंबरात. स्पीकर बंद करून खिडकीशी गेली आणि हळू म्हणाली, "आई, मला नाय गं करमत." पलीकडून सासूबाईंचा आवाज स्पीकर नसतानाही मला ऐकू आला. "अगं, तिकडं नाचायला जाती, चिनी बोलती, नि करमत नाय म्हणती? लोकांना बघायला मिळत नाय असलं. डोळे भरले म्हणजे नजर लागती संसाराला, पूस." रेणुकानं डोळे पुसले. फोन माझ्या हातात दिला आणि पोळ्या करायला गेली. मी मागनं गेलो आणि म्हणालो, "काय म्हणल्या आई?" माझ्यासारखा ढोंगी माणूस जालना रोडवर दुसरा नसेल. इथं मी कमी सांगतोय.

मार्च लागला आणि हवा फिरली.

तिथल्या लोकांकडं त्या दिवसांसाठी वेगळं नाव आहे. दक्षिणेकडून, समुद्रावरून, दमट ऊबदार वारा परत येतो आणि हिवाळ्यात गार पडलेल्या घरांना भिडतो. मग भिंतींना घाम फुटतो. हे मी वाढवून सांगत नाही. आयुष्यात इतकं वाढवलं की आता हे खरं सांगायला माझ्याकडं आवाज उरलेला नाही, तरी सांगतो. एका सकाळी उठलो तर फरशीवर पाणी. मला वाटलं नळ राहिला. पुसलं. पाच मिनिटांत परत पाणी. भिंतीला हात लावला तर हात ओला. आरशात तोंड दिसेना. छतावरून थेंब पडत होते आणि बाहेर पाऊस नव्हता, आभाळात साधा ढगही नव्हता, नुसती दुधासारखी पांढरी हवा होती. समोरच्या अकरा इमारती पुसून गेल्या होत्या. बाविसाव्या मजल्यावर आम्ही दोघं, आणि खाली काही नाही.

मी हसलो. म्हणालो, "रेणुका, हे पाणी टँकरमध्ये भरून मराठवाड्यात नेलं तर आपण आमदार होऊ."

ती म्हणाली, "आता काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? वाळवायचं. मराठवाड्याच्या माणसाला वाळवायचं शिकवती का? उघड सगळ्या खिडक्या. वारा लागू दे."

आपल्याकडं ओल आली की काय करतात? दारं-खिडक्या सताड उघडतात. गादी उन्हात टाकतात, पीठ उन्हात टाकतात, माणूस आजारी पडला तर त्यालाही उन्हात बसवतात. ह्यापलीकडं आमचं शास्त्र नाही, आणि ह्या शास्त्रानं आमच्या वाडवडलांना कधी दगा दिला नाही. मी स्वतःच्या हातांनी घरातल्या सातही खिडक्या उघडल्या, गॅलरीचं दार उघडलं, ते मिटू नये म्हणून त्यात कारखान्यातून आणलेला, पाट्यासारखा जड लोखंडी नमुना अडकवला आणि कामावर गेलो. संध्याकाळी आलो तर घर तळ्यातून काढल्यासारखं. मी म्हणालो, "अजून उघडायला पाहिजे." आणि कपाटांची दारंही उघडली.

दोन आठवडे हे चाललं. ज्वारीच्या पिठाला हिरवी बुरशी आली. येसराचा डबा उघडला तर आत काळी लव. माझ्या चामड्याच्या चपलांना पांढरे केस फुटले, कुणी बघितलं तर म्हणावं मांजर पाळलंय. लाकडी दार फुगून बसलं, खांदा मारल्याशिवाय उघडेना. सुती साड्यांना असा वास यायला लागला की रेणुका त्या हुंगायची आणि परत घडी घालायची, हुंगायची आणि घडी घालायची. मंगळसूत्राचा दोरा कुजून तुटला. मणी फरशीवर सांडले. मी खाली बसून वेचायला लागलो, काहीतरी विनोद केला. तो आता आठवत नाही. तिनं मण्यांवरून पाय काढला आणि आत निघून गेली, एवढं आठवतं.

ह्या सगळ्यात तिनं कुरडया करायला घेतल्या.

"ह्या हवेत?" मी विचारलं.

"आईनं काल घातल्या," ती म्हणाली. "शांतावहिनींनी घातल्या असतील. चैत्र हाय."

तिनं गहू भिजवले, तीन दिवस पाणी बदललं, वाटले, चीक काढला. चौथ्या दिवशी सकाळी त्या घरात पहिल्यांदा आपला वास आला. मी कामावर जाताना दारात थांबलो होतो, खोटं कशाला बोलू, दोनदा परत आत येऊन वास घेऊन गेलो. बैठकीच्या खोलीत, झोपायच्या खोलीत, गॅलरीत सगळीकडं चादरी. तिच्यात जीव आला होता. सोऱ्या फिरवताना काहीतरी गुणगुणत होती. मी म्हणालो, "सगळ्या खिडक्या उघड्या ठेव हां. संध्याकाळपर्यंत कडक होतील."

संध्याकाळी त्या सकाळी होत्या तशाच होत्या. दुसऱ्या दिवशी चिकट. तिसऱ्या दिवशी आंबल्या. चौथ्या दिवशी त्यांच्यावर राखाडी लव उगवली आणि तिच्यातून बारीक काळे ठिपके. दोनशे कुरडया, बसायला जागा नव्हती, आम्ही भिंतीकडेनं चालायचो. मी म्हणालो, "टाकून देऊ." ती म्हणाली, "वाळतील." मी म्हणालो, "रेणुका, कुजल्यात त्या." ती म्हणाली, "तुम्हीच म्हणला ना वाळतील."

वास खाली गेला असणार. पाचव्या दिवशी रविवार होता, मी घरी होतो. दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरची म्हातारी, ल्याव आजी. साठीच्या पुढची, बुटकी, चौकातल्या नाचात शेवटच्या ओळीत असायची. तिनं आत बघितलं, तोंडावर हात ठेवला. मग काही न विचारता, बूट काढून, कुरडयांच्या मधून पाय टाकत ती आत आली आणि धाड, धाड, धाड, एकेक खिडकी लावून टाकली. सातही. गॅलरीतला माझा लोखंडी नमुना पायानं सरकवला आणि ते दारही ओढून घेतलं. मी "अहो, अहो," म्हणत मागं. ती वळली, हातातल्या फोनमध्ये चिनीत काहीतरी बोलली आणि फोन माझ्यासमोर धरला. फोनमधली बाई सरळ हिंदीत म्हणाली, "खिड़की खोलने से पानी अंदर आता है. इन दिनों घर बंद रखते हैं. यह बच्चे भी जानते हैं."

दोन आठवडे मी समुद्र घरात घेत होतो. वारा लागू दे, वारा लागू दे म्हणत.

हे ऐकूनही मी हसलोच असतो, माझं तोंड तसं फाकलंही होतं. पण आजी परत फोनमध्ये बोलली. ह्या वेळी रेणुकाकडं बघत, हळू. आणि फोनमधली बाई त्याच सरळ आवाजात म्हणाली, "आपकी पत्नी दिन भर लिफ़्ट में ऊपर-नीचे जाती है. सब देखते हैं. आप देखते हैं क्या?"

मी रेणुकाकडं बघितलं. ती कुरडयांकडं बघत होती.

"ह्या मशिनचं काय खरं नसतं," मी म्हणालो. "काहीच्या काही सांगतं."

आजीला मी हिंदी-मराठी न कळताही कळलो. तिनं रेणुकाचा हात हातात घेतला, उलटा केला, तळवा बघितला. मग माझ्याकडं असं बघितलं की तसं माझ्याकडं आजवर फक्त माझ्या आईनं बघितलंय, तेही एकदाच.

ती गेली. कुरडया मी चादरीसकट गुंडाळून खाली टाकून आलो. सहा खेपा.

पुढच्या गुरुवारी मी कामावरून आलो, खांदा मारून दार उघडलं. रेणुका बैठकीतल्या भिंतीशी उभी होती आणि फडक्यानं भिंत पुसत होती. वरून खाली, वरून खाली. खिडक्या बंद होत्या, भिंत बऱ्यापैकी कोरडी होती. मी म्हणालो, "झाली की कोरडी." ती पुसत राहिली. मी म्हणालो, "आता पुसून पुसून पलीकडच्यांच्या घरात जाशील." एरवी निदान "पुरे" तरी म्हणायची. आज तेही म्हणाली नाही. मी हात धरला. फडकं तिच्या मुठीत होतं, मूठ उघडली तर तळव्याची सालं निघाली होती, बोटांच्या पेरांवर लाल मांस. सकाळपासून पुसत होती. सकाळचा डबा ओट्यावर तसाच. तिचे डोळे उघडे होते, माझ्यावर होते, आणि त्यांत मी नव्हतो.

मी जमिनीवर बसलो. फोन काढला.

"आई, रेणुकाला बरं नाय."

"काय झालं? सर्दी?"

"सर्दी नाय. ती जेवत नाय. बोलत नाय."

सासूबाई हसल्या. "तुमचं आपलं कायतरीच. परवा म्हणले, ती त्या बायांना लावणी शिकवती म्हणून."

"ते खोटं होतं, आई."

परत हसू. मागं कुणाला तरी म्हणाल्या, "जावईबापूंचा फोन हाय. लई हसवतेत."

"आई, सगळंच खोटं होतं. ती कुठं जात नाय. तिला इथं कुणी नाय. ती दिवसभर भिंत पुसत होती. भिंतीला घाम येतो इथं."

"भिंतीला घाम!" सासूबाई म्हणाल्या. ओसरी फुटली. मला चार-पाच बायांचं हसणं ऐकू येत होतं, कुणीतरी म्हणालं, "आन् छताला शिंका येत असतील!" आणि परत हसणं.

मी आणखी सांगायला लागलो. पिठाला लव आली, चपलांना केस आले, तिच्या हाताची सालं निघाली. जे जे खरं होतं ते सगळं सांगितलं आणि माझ्या तोंडून येताना त्याची एकेक थाप होत गेली. माझ्या कानालाच ते खोटं लागायला लागलं. तोच चढा आवाज, तोच वेग. दुसरा आवाज मला येत नव्हता. कधी वापरलाच नव्हता.

मग माझं बोलणं संपलं. ठरवून नाही. आतलं सगळं संपलं. फोन कानाला लावून मी बसलो आणि समोर रेणुका फडकं पिळत होती, कोरडं फडकं.

पलीकडं हसणं चालू होतं. मग कमी झालं.

"जावईबापू?"

मी रेणुकाच्या हातातलं फडकं बघत होतो.

"जावईबापू, हाय का तुम्ही?" आता त्यांचा आवाज बदलला होता. कुणाला तरी म्हणाल्या, "गप बसा गं जरा." मग बराच वेळ काहीच नाही. दोन्हीकडं. आमच्या लग्नापासून त्या बाईनं मला कधी इतका वेळ गप्प ऐकलं नव्हतं. अखेर त्या म्हणाल्या, "फोन तिला द्या."

मी उठून फोन रेणुकाच्या कानाला लावला. सासूबाई काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. रेणुकाचं फडकं खाली पडलं. ती एवढंच म्हणाली, "आई." मग परत, "आई." मग फोन मी माझ्या कानाला लावला तर सासूबाई म्हणाल्या, "पाठवून द्या माझ्या लेकीला. मी चिकलठाण्याला विमानतळावर येऊन बसते." तिकीटसुद्धा काढलेलं नव्हतं. त्या त्याच दिवशी येऊन बसल्या असत्या.

सहा दिवसांनी ती गेली. मी म्हणालो, "मुंबईपर्यंत मी येतो." ती म्हणाली, "नका येऊ." हळू म्हणाली, रागानं नाही. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. ल्याव आजी खाली दारापर्यंत आली, रेणुकाच्या हाताला कसलंसं मलम लावलं, वर कापडाची पट्टी बांधली. दोघींमध्ये एक शब्द झाला नाही, आणि मी बघत होतो की माझ्या बायकोशी इतक्या महिन्यांत कुणी बोललं असेल तर हीच बाई.

मी राहिलो. करार होता. आठ महिने त्या बाविसाव्या मजल्यावर मी एकटा होतो आणि त्या आठ महिन्यांचं सांगण्यासारखं काही नाही. घर बंद ठेवायला शिकलो. गावी फोन लावायचो, सासूबाई म्हणायच्या, "बरी हाय." रेणुका फोनवर यायची नाही. मीही मागायचो नाही. कारखान्यात लोक म्हणाले, काय, हल्ली आवाज नाही तुमचा. मी म्हणालो, घसा बसलाय.

परत आलो ती मार्गशीर्षातली दुपार होती. सामान गारखेड्यात टाकलं आणि तसाच बदनापूरला गेलो. सासूबाईंनी पाणी दिलं, चहा दिला आणि "शेतात जाऊन येते," म्हणून उठून गेल्या. रेणुका ओसरीवर आली. अंगावर मांस आलं होतं. हात बरे होते. ती समोर बसली आणि म्हणाली, "बसा. मी सांगते. मधी बोलायचं नाय."

"नाय बोलणार."

"हसायचं बी नाय."

तिनं सांगायला सुरुवात केली. मी सकाळी आठला दार ओढून घ्यायचो तिथून संध्याकाळी सहाला दाराशी यायचो तिथपर्यंत. एकेक दिवस. आधी कोरड्या दिवसांतले, मग ओले. लिफ्टमध्ये ती कशाला जायची ते सांगितलं. किती मजले, कुणाबरोबर, कुठल्या बटणापाशी उभी राहायची. भिंत का पुसायची ते सांगितलं. गॅलरीच्या कठड्याबद्दल एक गोष्ट सांगितली. ती सांगताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही, आणि मी ओसरीचा खांब धरला. माझी जीभ वळवळत होती. तिचं कुठलं वाक्य कुठं फिरवलं तर हलकं होईल, कुठं एक विनोद टाकला तर ती थांबेल, सगळं मला दिसत होतं. तीन तास मी दात आवळून बसलो. ऊन अंगणातून निघून गोठ्याच्या पत्र्यावर गेलं.

सांगून झाल्यावर ती म्हणाली, "हे माझं हाय. हे कुणाला सांगायचं नाय. गच्चीवर नाय, कारखान्यात नाय. आईला बी मी सांगितलेलं नाय."

"शप्पथ," मी म्हणालो.

"शपथा नका घेऊ. तुमच्या शपथा मला माहीत हायेत. नुसतं नका सांगू."

त्या दिवशी ती माझ्याबरोबर आली नाही. दीड महिन्यानं आली, स्वतः बसनं, न कळवता. आल्यावर आधी बालवाडीत जाऊन विचारून आली की जागा आहे का. मग घरी आली.

हे सगळं आज दुपारी तिला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिनं मला थांबवलं आणि दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. लावणीचं काढू का विचारलं, तर म्हणाली, "राहू द्या, ते तुमचं हाय." ओसरीवरच्या दुपारीपाशी आल्यावर तिनं पदर बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. मी हळू वाचलं. कठड्याच्या वाक्याशी थांबलो आणि विचारलं, "हे काढू?" तिनं बोटाचा पदर सोडवला. मग म्हणाली, "एवढंच राहू द्या. ह्याच्या पुढं नको."

ह्याच्या पुढं नाही.

ती परत आलीय असं सगळे म्हणतात. शांतावहिनी म्हणतात, सासूबाई म्हणतात. बालवाडीत पोरं तिच्या अंगावर चढतात, ती ओरडते, हसते. पण कधी कधी, कशात काही नसताना, भाजी निवडताना, नाहीतर रस्ता ओलांडायला उभी असताना ती थांबते. डोळे उघडे असतात. ती कुठं गेलीय हे मला माहीत असतं, कुठल्या मजल्यावर, कुठल्या खिडकीशी, हेसुद्धा. जगात हे माहीत असलेला मी एकटा माणूस आहे आणि मला तिच्या मागं तिथं जाता येत नाही. अशा वेळी मी बोलत नाही. तिच्या शेजारी उभा राहतो आणि ती येईपर्यंत थांबतो.

लई वेळ लागतो कधी कधी.